पोरं वेबसाईट बनवतायत, एवढं बघा

आंधळगावचं कोशाचं कापड असो की भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ, गिऱ्हाईक आता आधी मोबाईलवर शोधतं. घरातलं, बचत गटातलं कॉलेजचं पोर म्हणतं, "मी आपली वेबसाईट बनवतो." बनवू द्या.

चार-पाच पानांची साईट असेल तर 'एलेव्हेंटी'सारखं साधन पुरतं. ते फुकट आहे. लिहिलेल्या मजकुरातून ते पानं तयार करून ठेवतं. मागे डेटाबेस नाही, म्हणून सांभाळायची कटकट कमी. फोटो लहान ठेवले तर कमी रेंजमध्येही पान उघडतं. ती पानं 'गिटहब पेजेस'वर फुकट ठेवता येतात. मग तुमच्या गावची लाईट गेली तरी साईट चालूच.

पण पोराला आधी एक विचारा. हे कोणत्या कॉम्प्युटरवर करणार?

एलेव्हेंटी 'एनपीएम'मधून येतं. एनपीएम म्हणजे तयार कोडच्या पॅकेजांचं ऑनलाईन कोठार. तुम्ही एक पॅकेज मागवता, त्याच्यासोबत अनोळखी लोकांनी लिहिलेली अनेक पॅकेजं येतात. काही तर उतरताक्षणीच तुमच्या मशीनवर काम सुरू करतात. बहुतेक वेळा काही होत नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये एका पॅकेजकर्त्याला खोटा ईमेल आला आणि त्याचं खातं चोरांच्या हाती गेलं. 'चॉक' आणि 'डीबग' ही जगभर वापरली जाणारी पॅकेजं त्यात बाधली. त्याच महिन्यात आपोआप पसरणारा एक घातक प्रोग्रॅम, 'किडा', एनपीएमवर पसरला. तो कॉम्प्युटरमधल्या गुप्त चाव्या शोधून नेत होता.

म्हणून ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर हे नको. आपले सरकार सेवा केंद्र चालवत असाल तर तिथल्या मशीनवर अजिबात नको. त्यात लोकांचे आधार आणि सातबारा असतात. पोराचा जुना लॅपटॉप बरा.

एलेव्हेंटी चालवायला 'नोड' हा प्रोग्रॅम लागतो. तो त्याच्या अधिकृत साईटवरूनच घ्या, 'एलटीएस' म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती. एनपीएममधून पॅकेजं उतरवणारं साधन त्याच्यासोबतच येतं. साईटच्या फोल्डरला इंग्रजी अक्षरांत नाव द्या, मध्ये जागा सोडू नका. पॅकेजचं नाव अधिकृत पानावरून जसंच्या तसं उचला. एक अक्षर चुकलं की भलतंच घरात येतं, आणि अशी फसवी नावं मुद्दाम ठेवलेली असतात.

उतरवल्यावर कधी धोक्याचे इशारे दिसतात. घाबरून एनपीएमची 'फोर्स'वाली, म्हणजे जबरदस्तीची, दुरुस्ती चालवू नका. चालू साईट त्यानेच बिघडू शकते. पोराला इशारा नीट वाचायला सांगा.

उतरवलेली पॅकेजं 'नोड मॉड्यूल्स' या फोल्डरमध्ये असतात. तो पेनड्राईव्हवर घेऊ नका. हजारो बारीक फायली असतात, तासभर अडकाल. तो पुन्हा उतरवता येतो. 'पॅकेज-लॉक' ही फाईल मात्र जपा. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती होती, ते तिच्यात असतं.

गिटहबच्या फुकट खात्यात अशा साईटच्या मूळ फायली साऱ्या जगाला दिसतात. गिऱ्हाईकांचे नंबर, उधारीची वही तिथे टाकू नका.

आणि डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, व गिटहबचं खातं घराच्या किंवा गटाच्या ईमेलवर घ्या, पोराच्या नको. पोर उद्या नोकरीला नागपूरला, पुण्याला जाईल. पासवर्ड आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख घरच्या वहीत आजच लिहून ठेवा.