आले, मोजून गेले. मागे काय ठेवलं?



भात झोडून झालं, नाचणी-वरई घरात आली, की आपल्या वाड्यांवर कॉलेजांची शिबिरं सुरू होतात. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ, लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरच्या वाड्या, कुठंही विचारा. बस येते, शाळेत मुक्काम पडतो. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी घरोघरी फॉर्म, रात्री गाणी-नाटुकली. सातव्या दिवशी समारोप. पाहुण्यांची भाषणं, शाल-नारळ, आणि शेवटी गावाकडून कॉलेजच्या नावाने एक पत्र: आपल्या शिबिरामुळे आमच्या गावात मोठी जागृती झाली, आम्ही आभारी आहोत. हे पत्र बऱ्याचदा कॉलेजकडूनच टाईप होऊन आलेलं असतं. गावाने फक्त सही करायची आणि शिक्का मारायचा.

या वेळचं संपादकीय त्या पत्राबद्दल आहे. शिबिराला येणाऱ्या पोरापोरींबद्दल आमची तक्रार नाही. ती मनापासून काम करतात. आता तर त्यांच्यात आपल्या वाडीवरचं एखादं पोरही असतं. तक्रार आहे ती मोजण्याबद्दल. गावासाठी काय केलं याचा हिशेब ठेवला जातो, पण त्या हिशेबात गावाला कोणी विचारत नाही.

हा हिशेब कसा चालतो ते आधी समजून घेऊ. राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे एन.एस.एस. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. त्यात स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास भरायचे आणि सात दिवसांचं शिबिर करायचं. मी ज्युनियर कॉलेजात असताना या योजनेत होते, त्यामुळे आतून बघितलं आहे. हजेरी मोजतात, तास मोजतात, लावलेली रोपं मोजतात, फोटो चिकटवून अहवाल करतात. २०१४ मध्ये उन्नत भारत अभियान आलं. त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजने किमान पाच गावं 'दत्तक' घ्यायची असतात. पोर दत्तक घ्यायचं तर आधी आईबापाला विचारतात. गाव दत्तक गेलं हे कित्येकदा गावालाच माहीत नसतं! २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समाजाशी जोडून घेण्याचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सांगितला. तो तीस तासांचा आहे, आणि त्यातला निम्मा वेळ तरी प्रत्यक्ष लोकांत घालवायचा. म्हणजे यापुढे आपल्याकडे येणारी पोरं वाढणार आहेत, कारण आता त्याला मार्क आहेत.

या सगळ्याच्या वर नॅक. १९९४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कॉलेजांना श्रेणी देते. श्रेणी चांगली आली की कॉलेजचं नाव होतं, अनुदानाला मदत होते. नॅकच्या आजवरच्या पद्धतीत 'विस्तार कार्य' हा एक भाग आहे. त्यात विचारतात: पाच वर्षांत असे कार्यक्रम किती घेतले, विद्यार्थी किती होते, बक्षिसं किती मिळाली? त्याचा परिणाम काय झाला हेसुद्धा लिहायला सांगतात, पण ते कॉलेजनेच लिहायचं असतं. आणि त्या प्रश्नाचा रोखही विद्यार्थ्यांवर आहे: आसपासच्या समाजात काम करून विद्यार्थ्यांना सामाजिक प्रश्नांची जाण आली का? जाण आली तर चांगलंच आहे. पण ज्याच्या अंगणात ती आली, त्याच्या हातात काय पडलं हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

पुराव्याला मात्र गाव लागतं. फोटो लागतात, नावं लागतात, आणि आपलं पत्र लागतं. आपल्या सहीला किंमत आहे ती इथं. आजपर्यंत ती आपण चहा-बिस्किटावर दिली.

मावळातल्या माणसाला मोजणी नवी नाही. साखळी घेऊन माणसं आली की पुढे काय होतं हे आपल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणासाठी जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. पुढे पवना धरण झालं, एक्स्प्रेसवे झाला, डोंगरावर बंगले चढले. प्रत्येक वेळी आधी कोणीतरी मोजून गेलं. म्हणून अजूनही फॉर्म घेऊन कोणी दारात आलं की एखादी आजी विचारते, "जागा घ्यायला आलाय का?" कॉलेजची पोरं हसतात. पण आजीचा प्रश्न हसण्यासारखा नाही.

आता मुद्द्यावर येते. हे सगळं आपल्या वनहक्काच्या दाव्यांशी जोडलेलं आहे.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन आपल्या ताब्यात आहे, जी आपण कसतो, ती चार हेक्टरपर्यंत आपल्या नावावर होऊ शकते. त्यासाठी पुरावे लागतात. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे आणि त्यातले एकापेक्षा जास्त जोडायचे असतात. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की पुरावा म्हणजे फॉरेस्टची दंडाची पावती. ती नसली की माणूस हात टेकतो. पण यादी मोठी आहे. घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, घातलेले बांध हा पुरावा आहे. जुनी विहीर, स्मशान, देवाची जागा हा पुरावा आहे. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा आहे. आणि नामांकित संस्थेने केलेला अभ्यास, आपल्या रूढी-परंपरांची नोंद, हाही पुरावा आहे.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. वाडी किती जुनी, कोणाचं घर कुठं, कोण कुठल्या उतारावर वरई टाकतो, कोणत्या ओढ्याचं पाणी पितो, कोणत्या रानातून मध, करवंदं, कंद आणतो, हे सगळं शिबिरातली पोरं फॉर्मवर लिहून नेतात. तोच कागद नीट केला, त्यावर तारीख, नाव, संस्थेचा शिक्का पडला, तर तो आपल्या दाव्याला जोडता येतो. आपण उपविभागीय समितीपुढे "पुरावा नाही" म्हणून उभे राहतो, आणि कामाला येईल असा कागद पुण्यात कुठल्या तरी कपाटात पडलेला असतो.

दावा फेटाळणं ही साधी गोष्ट नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून बाहेर काढण्याचा आदेश दिला होता. देशभर आवाज उठला, २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. तेव्हा ज्यांचे दावे फेटाळलेले होते त्यांच्या घरात पंधरा दिवस चूल कशी पेटली असेल याचा विचार करा. एक कागद कमी पडल्याने काय होऊ शकतं ते त्या वेळी कळलं.

म्हणून आमचं म्हणणं असं. कॉलेजने गावात किती तास काढले यावर मोजू नका. गावाकडे काय राहिलं यावर मोजा. आणि ते गावाने मोजावं. प्रत्येक वाडीने बैठकीत ठरवून एक वही करावी आणि शिबिर संपलं की त्यात पाच गोष्टी लिहाव्यात.

१. येण्याआधी वाडीच्या बैठकीला विचारलं का? फक्त सरपंचांना फोन केला तर तसं लिहा.

२. काम कोणी ठरवलं? आपल्याला पाण्याची टाकी साफ करून हवी होती आणि भिंतीवर घोषणा रंगवून गेले, तर तसं लिहा.

३. जे लिहून नेलं त्याची मराठीतली प्रत दिली का, आणि बैठकीत वाचून दाखवली का? बायांसमोर वाचली का?

४. मागे काय राहिलं? दाव्याचा कच्चा नकाशा, म्हाताऱ्यांचे जबाब, बांध-विहिरीचे तारीख घातलेले फोटो, किंवा अर्ज लिहायला शिकलेलं वाडीचं एखादं पोर.

५. वर्षाने काय उरलं? रोपं फोटोच्या दिवशी मोजू नका, पुढच्या वैशाखात मोजा. आणि तेच लोक परत आले का तेही लिहा.

पत्र द्यायचं ते या वहीवरून द्यायचं. चांगलं काम झालं असेल तर मोकळ्या मनाने लिहा. झालं नसेल तर तेही लिहा. आधीच टाईप केलेल्या कागदावर सही नाही.

अशी मागणी करणारे आपण पहिले नाही. दक्षिण आफ्रिकेत सान नावाचे आदिवासी आहेत. शिकारीच्या लांबच्या वाटेवर ते भूक-तहान मारायला हुडिया नावाची वनस्पती चघळतात. नव्वदच्या दशकात तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने त्यांना न विचारता त्यावर पेटंट घेतलं. सान लोकांनी झगडून २००३ मध्ये फायद्यातल्या वाट्याचा करार करून घेतला. २०१७ मध्ये त्यांनी संशोधकांसाठी स्वतःचे नियम लिहिले: आदराने या, खरं सांगा, न्यायाने वागा, काळजी घ्या, आमच्या रीतीने परवानगी घ्या. आपल्या कायद्यातही कलम ३ मध्ये जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क लिहिलेला आहे. आपल्या वैदूकडून मुळीचं नाव आणि उपयोग लिहून नेणाऱ्याला हे सांगायला लाजू नका. लांब कशाला, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेसोबत अभ्यास गट चालला. बाहेरचा जाणकार त्यात येऊन बसे, पण प्रश्न गावाचा असे. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

काही साथी विचारतील, एवढे नियम लावले तर कॉलेजवाले येणार नाहीत, शेजारच्या वाडीवर जातील. खरं आहे, एकट्या वाडीने विचारलं तर जातील. म्हणून हे सगळ्या वाड्यांनी एकदम करायला हवं, ठाकरवाडीनेही आणि कातकरवाडीनेही. ओढ्याअलीकडची वाडी वही मागते आणि पलीकडची कोऱ्या कागदावर अंगठा देते, असं झालं तर दोघींच्या हातात काही राहणार नाही.

दुसरं कोणी म्हणेल, शिकणाऱ्या पोरांवर दाव्याचं ओझं कशाला? पण यात ओझं काय आहे? जी.पी.एस. घेऊन वनहक्क समितीबरोबर हद्दीवरून चालणं, म्हाताऱ्याचं बोलणं शब्दाला शब्द लिहिणं, जुना नकाशा वाचणं, हाच तर अभ्यास आहे. भूगोलाच्या, समाजशास्त्राच्या, कायद्याच्या पोरांना याहून चांगलं पुस्तक कुठं मिळणार? एक लक्षात ठेवा, पडताळणी करायची ती वनहक्क समितीने आणि ठराव करायचा तो ग्रामसभेने. पोरं मदतीला. आणि आधार कार्डाची झेरॉक्स किंवा कोऱ्या कागदावर सही-अंगठा कोणालाच द्यायचा नाही, कितीही गोड बोलला तरी.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला सांगितलं होतं की सरकारची तिजोरी कष्टकऱ्यांच्या घामातून भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या लोकांवर खर्च होतो. पुण्याचं विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं, २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई आजारी माणसांची सेवा करता करता गेल्या. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाकडून आपण भीक मागत नाही. आपल्याबद्दल लिहिलेला कागद आपल्याला मिळावा, एवढंच मागतो.

या महिन्यात प्रत्येक वाडीने बैठक घ्यावी. बाया निम्म्या असाव्यात. पाच गोष्टींचा ठराव लिहून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक शाळेच्या मुख्याध्यापकांना द्यावी, कारण शिबिराचा पहिला फोन बहुतेक त्यांनाच येतो. जिथं मागच्या वर्षांत शिबिरं झाली, तिथल्या वाड्यांनी त्या त्या कॉलेजच्या प्राचार्यांना साधं पत्र लिहून सर्वेक्षणाची प्रत मागावी. पत्राचा नमुना संघटनेच्या कार्यकर्त्यांकडे मिळेल. ज्यांचे दावे परत आले आहेत त्यांनी आधी लिहावं. अपिलाला साठच दिवस असतात.

जिंदाबाद!