'ॲव्हरेज'च्या पुढे काय?

डीबीएमएसच्या व्हायव्हात एक प्रश्न ठरलेला असतो. "ॲग्रिगेट फंक्शन्स किती व कोणती?" आपणही पाढे म्हटल्यासारखं उत्तर देतो, "पाच सर! काउंट, सम, ॲव्हरेज, मिन, मॅक्स." सर मान डोलावतात, सही होते, पुढचा रोल नंबर! मला मात्र वाटतं की या पाचांवर थांबणं ही आपल्या अभ्यासातली एक लहान पण महागात पडणारी चूक आहे. कशी, ते सांगते.

माझ्या रूममेटच्या वडिलांनी तिची ॲडमिशन घेताना एक ब्रोशर पाहिलं होतं. कुठल्या कॉलेजचं ते सांगत नाही, सगळ्यांची सारखीच असतात! त्यात ठळक अक्षरात 'ॲव्हरेज पॅकेज' छापलेलं होतं. काकांनी त्या आकड्याला बारानं भागलं, महिन्याचा पगार काढला, त्यातून कर्जाचा हप्ता वजा केला आणि "जमेल" असं म्हणून बँकेत सही केली. ब्रोशरमधला आकडा खोटा नव्हता. ॲव्हरेज बरोबरच काढलेलं असणार. पण काकांना ॲव्हरेज नको होतं. "माझ्या मुलीसारख्या साधारण मुलीला किती मिळेल?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तर मिळालं ते भलत्याच प्रश्नाचं.

साधा हिशोब बघा. समजा दहा जणांना नोकरी लागली. सात जणांना साडेतीन लाख, दोघांना सव्वाचार लाख आणि एका भाग्यवंताला ३२ लाख. बेरीज ६५ लाख, ॲव्हरेज साडेसहा लाख. दहापैकी नऊ जण ॲव्हरेजच्या खाली! मीडियन काढा, म्हणजे सगळ्यांना ओळीत उभं करून मधला बघा, तर उत्तर साडेतीन लाख. (मी कॉन्व्हेंटमधली, मला मीडियनच माहीत. "अगं, मध्यक म्हण की! दहावीला मध्य, मध्यक, बहुलक असा धडाच होता आम्हाला," हे रूममेटकडून ऐकून घ्यावं लागलं.) केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये कॉलेजांकडून पगाराचा मीडियनच मागितला जातो, ते उगीच नाही.

मग आमच्या लॅबमधल्या मायएसक्यूएलवर मीडियन काढायला बसले. ॲव्हरेजच्या जागी मीडियन लिहिलं आणि एंटर मारला. एरर! असं तयार फंक्शनच त्यात नाही. मायएसक्यूएलसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये ही गोष्ट नसावी याचं नवल वाटलं. पण कारण शोधलं तेव्हा सगळा विषयच उलगडला.

ॲग्रिगेट फंक्शन म्हणजे मेसच्या दारात वही घेऊन बसलेले काका समजा. प्रत्येक रो समोरून जाते, काका वहीत काहीतरी बदल करतात, आणि रांग संपली की वही बघून उत्तर सांगतात. ॲव्हरेजसाठी वहीत दोनच आकडे पुरतात, आतापर्यंतची बेरीज आणि आतापर्यंतची संख्या. हजार रो असोत की दहा कोटी, वही तेवढीच. मीडियनचं तसं नाही. मधला कोण हे ठरवायला सगळ्यांची नावं वहीत लिहावी लागतात आणि शेवटी क्रम लावावा लागतो. जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या डेटा क्यूबवरच्या पेपरमध्ये ॲग्रिगेटची हीच वर्गवारी केली होती. छोट्या वहीत भागणारी वेगळी आणि सगळंच लक्षात ठेवायला लावणारी वेगळी. थोडक्यात, ॲव्हरेज सगळीकडे दिसतं याचं एक कारण ते स्वस्त आहे हेही आहे!

आता आनंदाची बातमी. आपली वही आपण स्वतः ठरवू शकतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस १९८६ मध्ये बर्कलेला मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून सुरू झाला, आणि वापरणाऱ्याला स्वतःची भर घालता यावी हा त्याचा पहिल्यापासूनचा एक हेतू होता. तिथे 'क्रिएट ॲग्रिगेट' अशी चक्क आज्ञाच आहे. वही सुरुवातीला कशी असेल, एक रो आली की काय बदलायचं आणि शेवटी उत्तर कसं काढायचं, एवढं सांगायचं. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये चार पायऱ्या आहेत: सुरुवात, रो घेणं, दोन वह्या एकत्र करणं आणि शेवट. वह्या एकत्र करणं कशाला? तर काम चार प्रोसेसरांत वाटलं की चार वह्या तयार होतात म्हणून. आणि सगळ्यात सोपं म्हणजे पायथनमधून एसक्यूलाइट. एक क्लास लिहायचा, त्यात 'स्टेप' आणि 'फायनलाइझ' अशा दोन मेथड, आणि 'क्रिएट ॲग्रिगेट'नं तो डेटाबेसला जोडायचा. पंधरा ओळींत काम होतं.

मी रात्री दीडला तो क्लास लिहिला. 'स्टेप'मध्ये लिस्टमध्ये आकडा टाकायचा, 'फायनलाइझ'मध्ये सॉर्ट करून मधला द्यायचा. सरावासाठी पंधरा जणांचं खोटं टेबल केलं होतं, वरचे दहा आणि नोकरी न लागलेले पाच. क्वेरी चालवली आणि एरर आला. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं. त्या पाच जणांच्या पॅकेजच्या रकान्यात नल होतं. ते नल माझ्या लिस्टमध्ये आले आणि आकड्यांबरोबर सॉर्ट होईनात.

मग लक्षात आलं की तयार ॲव्हरेज या पाच जणांवर कधीच अडखळलं नसतं. एसक्यूएलचं ॲव्हरेज नलला गुपचूप वगळतं, तसा नियमच आहे. पुस्तकात ती एक ओळ असते, आपण परीक्षेपुरती पाठ करतो. पण त्या रात्री मला स्वतःला ठरवायचं होतं की या पाच जणांचं काय करायचं. शून्य धरू? पण शून्य पगार आणि नोकरीच नाही या दोन वेगळ्या गोष्टी. सोडून देऊ? मग ते हिशोबातून गायबच होतात. शेवटी मी त्यांना मीडियनमधून वगळलं, पण उत्तराबरोबर त्यांची संख्याही छापली: "मीडियन साडेतीन लाख, पंधरापैकी दहा जणांचा." तीन शब्द जास्त, पण काकांना याच तीन शब्दांची गरज होती.

स्वतः लिहिलं की बरोबरच येईल असंही नाही हं! स्टँडर्ड डेव्हिएशन लिहिताना मी आपलं नेहमीचं सूत्र वापरलं, वर्गांची बेरीज आणि बेरजेचा वर्ग यांच्या वजाबाकीचं. परीक्षेत ते मस्त चालतं. पण १०० कोटी ४, १०० कोटी ७, १०० कोटी १३ आणि १०० कोटी १६ हे चार आकडे देऊन बघा. व्हेरिअन्स ३० यायला हवा, माझ्या फंक्शननं दिला उणे १७० च्या आसपास! व्हेरिअन्स कधी ऋण असतो का? डबलमध्ये पंधरा-सोळा अंकच नीट मावतात आणि या आकड्यांचे वर्ग जातात एकोणीस अंकी. दोन प्रचंड संख्यांच्या वजाबाकीत खरं उत्तर वाहून जातं. असे आकडे कुठे असतात म्हणाल, तर १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली वेळ आज १७० कोटींच्या वर आहे. वेलफर्ड यांनी १९६२ मध्येच यावर उपाय दिला होता. वर्गांच्या बेरजा ठेवायच्या नाहीत, प्रत्येक रोला सरासरी आणि तिच्यापासूनचं अंतर सुधारत जायचं. पोस्टग्रेसनंही २०१९ मध्ये, १२ व्या आवृत्तीत, दशांशी आकड्यांसाठी आपली जुनी पद्धत बदलून अधिक अचूक पद्धत घेतली. मोठमोठ्यांनाही हे सुधारावं लागलं, तर आपली काय कथा!

काही जण म्हणतील, "एवढा खटाटोप कशाला? डेटा एक्सेलमध्ये घे आणि मीडियन काढ." छोट्या टेबलला हे ठीकच आहे. काही म्हणतील की पोस्टग्रेसमध्ये २०१४ पासून 'पर्सेंटाइल' काढणारं तयार फंक्शन आहे. तेही खरं, आणि खऱ्या कामात तयार असेल तर तेच वापरावं. माझं म्हणणं शिकण्यापुरतं आहे. तयार फंक्शन वापरताना आपण फक्त उत्तर बघतो. स्वतः लिहायला बसलं की कोणाला मोजलं, कोणाला गाळलं, कुठे अचूकता गेली हे प्रश्न चुकवता येत नाहीत.

म्हणून माझी आपल्या सरांना आणि मॅडमना विनंती आहे. जर्नलमध्ये 'एम्प्लॉयी' टेबलवर ॲव्हरेज सॅलरी काढायची दोन-तीन प्रॅक्टिकल्स आहेत, त्यातलं एक कमी करा आणि त्या जागी प्रत्येकाला एक तरी ॲग्रिगेट स्वतः लिहू द्या. मीडियन घ्या, नाहीतर वरची-खालची टोकं कापून काढलेली सरासरी घ्या. आणि व्हायव्हात "किती व कोणती?" ऐवजी विचारा, "तुझ्या फंक्शननं नलचं काय केलं, आणि का?"

उद्या आपल्यातलंच कोणीतरी कुठल्यातरी ब्रोशरसाठी क्वेरी लिहिणार आहे. ती वाचून कुणाच्या तरी घरी कर्जाच्या कागदावर सही होणार आहे. तेव्हा त्या पाच नलांची आठवण राहिली तर माझी दीड वाजताची झोपमोड वसूल झाली म्हणेन!