जुनी सॉफ्टवेअर आणि रिमोटची पळवाट

फॉक्सप्रो किंवा व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये लिहिलेली हिशेबाची, स्टॉकची, पगाराची सॉफ्टवेअर आजही अनेक पेढ्या आणि कारखान्यांमध्ये रोज चालतात. ती भरवशाची आहेत, लोकांच्या हातात बसलेली आहेत. मालक म्हणतो, ‘हे ऑनलाइन करून द्या.’ मग आपल्या सॉफ्टवेअर व्यवसायातले बरेच जण सर्व्हर भाड्याने घेतात, त्यावर तेच सॉफ्टवेअर टाकतात, रिमोट डेस्कटॉपची लॉगिन वाटतात आणि कोटेशनवर ‘क्लाउड’ लिहितात. या पद्धतीबद्दल आता स्पष्ट बोलायला हवे.

रिमोट डेस्कटॉप फक्त स्क्रीन दूरवर पोहोचवतो, सॉफ्टवेअर होते तसेच राहते. गोदामातल्या माणसाने बिल दुरुस्तीला उघडले आणि नेट गेले, तर त्याचे सेशन सर्व्हरवर तसेच लटकते आणि रेकॉर्ड लॉक राहते. मुख्य कचेरीतल्याला ते बिल उघडता येत नाही. कोणीतरी फोन करून सेशन बंद करायला सांगेपर्यंत मालाची गाडी दारात उभी राहते. मोबाइलवर एफ-कीज सहज सापडत नाहीत. वेबसाइटवर आलेली ऑर्डर पुन्हा हाताने टाइप करावी लागते, कारण दुसऱ्या प्रणालीशी बोलायला या सॉफ्टवेअरला एपीआयच नाही.

खर्चाचा हिशेबही फसवा आहे. विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोन सेशन मिळतात, तीही देखभालीसाठी. रोजच्या कामाला प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा यंत्रामागे वेगळा परवाना लागतो. त्याचा खर्च वाचवण्यासाठी एकच लॉगिन चौघांत वाटले जाते. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे. नोंद कोणी बदलली, या प्रश्नाला प्रत्येक वेळी ‘अ‍ॅडमिन’ हेच उत्तर येत असेल, तर त्या ट्रेलचा उपयोग काय?

सर्वांत मोठा धोका रिमोट डेस्कटॉपच्या उघड्या 3389 पोर्टचा. मे 2019 मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ‘ब्लूकीप’ ही त्रुटी इतकी गंभीर ठरली, की मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला. आजही हे पोर्ट शोधत, पासवर्ड आजमावत फिरणारे प्रोग्राम थांबलेले नाहीत. एक पासवर्ड फुटला, की हल्लेखोराच्या हाती एखादे बिल नाही, अख्खा सर्व्हर लागतो.

अडचणीच्या वेळी रिमोटचा आधार घ्यायला हरकत नाही. मात्र तो व्हीपीएनच्या आत, दुहेरी पडताळणीसह, प्रत्येकाच्या स्वतंत्र लॉगिनने आणि लटकलेली सेशन आपोआप बंद होतील अशा बेताने द्यावा. त्याच कराराबरोबर पुढच्या कामाचा आराखडाही ग्राहकाच्या हाती द्यावा. सगळे एकदम नव्याने लिहायची गरज नाही. बाहेरच्या माणसाला आधी शिल्लक साठा आणि येणे बाकी पाहायची असते. तेवढाच भाग प्रथम वेबवर आणावा, डेटा एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसमध्ये हलवावा, व्यवहाराचे नियम फॉर्मच्या कोडमधून बाहेर काढावेत. ग्राहकाने आपल्यावर विश्वास ठेवून वर्षानुवर्षांचा हिशेब सोपवलेला असतो. रिमोटची सोय कोणत्या तारखेपर्यंत आणि त्यानंतर काय, हे कोटेशनवरच लिहून देणे हे आपले व्यावसायिक कर्तव्य आहे.