सभागृहाविना पावणेचार वर्षे

पुणे महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली तीन वर्षे दहा महिने या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. आता निवडणूक पार पडली आहे, तेव्हा जुने उकरून काढण्यात काय हशील, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. आमच्या मते हशील आहे. कारण जे घडले ते का घडू शकले, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही, आणि ते पुन्हा घडू नये अशी तजवीजही कोणी केलेली नाही.

एक तुलना वाचकांनी करून पाहावी. राज्यात राष्ट्रपती राजवट आली तर दोन महिन्यांत संसदेची संमती लागते, दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी लागते, वर्षानंतर कडक अटी लागू होतात आणि तीन वर्षांपलीकडे ती राजवट राहूच शकत नाही. महाराष्ट्राने ही राजवट १९८०, २०१४ व २०१९ मध्ये अनुभवली. ती दीर्घकाळ टिकली नाही. पुण्याच्या प्रशासकाला मात्र असे कोणतेच बंधन आड आले नाही. राज्यासाठी जे घटनेने निषिद्ध मानले, ते शहराच्या वाट्याला कोणाच्या संमतीवाचून आले.

घटना याबाबत मूक होती असेही नाही. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या दुरुस्तीने २४३-यू हे कलम घातले, आणि मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे त्यात निःसंदिग्ध लिहिले. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावले. मग अडले कोठे? इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी आवश्यक तपशील राज्य सरकारने वेळेत जमविला नाही. प्रभाग तीन सदस्यांचा की चार सदस्यांचा, यावर एका सरकारने एक ठरविले, दुसऱ्याने ते फिरविले. प्रभागांच्या सीमा आखण्याचा राज्य निवडणूक आयोगाचा अधिकार २०२२ च्या मार्चमध्ये विधिमंडळाने शासनाकडे घेतला. पुढे ऑगस्ट २०२२ च्या 'जैसे थे' आदेशानंतर खटला तारखांवर तारखा घेत राहिला, आणि निवडणुका घ्या असा आदेश निघण्यास ६ मे २०२५ उजाडला. यात महाविकास आघाडी निर्दोष नाही, महायुती निर्दोष नाही, आणि न्यायालयाच्या विलंबाविषयीही मौन पाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

या काळात कारभार थांबला नव्हता, ही गोष्ट खरी. पण तो कसा चालला? आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडावयाचा, स्थायी समिती म्हणून तो तपासावयाचा आणि सर्वसाधारण सभा म्हणून मंजूर करावयाचा, ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे होती. साडेबारा हजार कोटी रुपयांवरचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक याच रीतीने संमत झाले. व्यक्ती कितीही सचोटीची असो, स्वतःलाच प्रश्न विचारण्याची तिच्याकडून अपेक्षा करणे व्यर्थ होय. महात्मा फुले १८७६ नंतर काही वर्षे याच पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, आणि तेही सरकारनियुक्त. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. परकी अमलातील नगरपालिकेत ती एका मताची जागा होती. स्वतंत्र भारतातील पुण्यात ती चार वर्षांच्या आसपास नव्हती.

सर्वांत विपरीत स्थिती झाली ती नव्या गावांची. जून २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेच्या हद्दीत आली. ग्रामपंचायती गेल्या, आणि नगरसेवक निवडण्याची संधी पहिल्यांदा मिळाली ती २०२६ मध्ये. कर मात्र सुरू झाले. त्यांपैकीच नांदेड, किरकटवाडी या परिसरात जानेवारी २०२५ मध्ये गिलन-बारे सिंड्रोमची साथ उद्भवली आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे वळला. नगरसेवक असता तर साथ टळली असती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पाण्याबद्दल सभागृहात जाब विचारणारा, आणि लोकांनी ज्याच्या दारी जावे असा, एकही माणूस त्या गावांना नव्हता.

केंद्राकडे राज्याचा वाटा आणि राज्याची प्रतिष्ठा मागताना महाराष्ट्राचे पुढारी संघराज्याच्या तत्त्वाचा घोष करतात, आणि तो योग्यच आहे. १९५६ ते १९६० या काळात हे राज्य मिळविण्यासाठी लोकांनी रक्त सांडले आहे. मात्र मुंबईहून पुण्याकडे पाहताना हेच पुढारी दिल्लीच्या चष्म्यातून पाहतात. स्थानिक स्वराज्य हा राज्यसूचीतील विषय आहे, म्हणून शहर ही मंत्रालयाची जहागीर ठरत नाही.

नव्या सभागृहाची मुदत २०३१ च्या प्रारंभी संपेल. २०२७ च्या जनगणनेचे आकडे त्याआधी हाती येतील आणि प्रभागांची मांडणी पुन्हा करावी लागेल; विलंबाचे निमित्त आतापासूनच तयार आहे. सीमा आखण्याचा अधिकार आयोगास परत द्यावा, हे काम मुदतीच्या वर्षभर आधी संपविण्याचे बंधन कायद्यात घालावे आणि प्रशासकाच्या नेमणुकीस सहा महिन्यांची मर्यादा असावी. पुण्याचे आमदार यासाठी विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात विधेयक मांडणार काय?