चाकांवरचे घर आणि उमऱ्याची वाट

पवईहून एका भगिनीने विचारले आहे : दीर दुबईला असतात, तिथून स्वयंपाकघर आणि बिछाने असलेली मोठी गाडी भाड्याने घ्यायची आणि सगळ्या कुटुंबाने रस्त्याने उमऱ्याला जायचे, असा घरात बेत चालला आहे, तुमचे मत काय? माणसे सहा. नवरा-बायको, तीन मुले आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासर महाड तालुक्यातले कोकणी, म्हणजे शाफई. माहेर औरंगाबादचे, हनफी. हाताशी मे महिन्याच्या सुट्टीतले पंधरा दिवस.

बेत चांगला आहे, हे आधी सांगतो. मुलांना विमानात बसवून काही तासांत उतरवले की मक्का त्यांना एक विमानतळ आणि एक हॉटेल एवढीच कळते. वाळवंट ओलांडून गेलेल्या मुलाला हे शहर कुठे वसले आहे ते कळेल. पण या बेतात काही हिशेब राहून गेले आहेत, आणि ते बहुतेक घरातल्या बाईच्या वाट्याचे आहेत.

थोरल्या मुलाची शंका अशी की आपलीच गाडी पवईहून का न्यायची नाही. शंका रास्त आहे. जमिनीची वाट पाकिस्तानातून जाते आणि ती आपल्या खासगी गाड्यांना बंद आहे. राहिले जहाज. केरळच्या नाजी नौशी या पाच मुलांच्या आईने २०२२ मध्ये फुटबॉलच्या विश्वचषकासाठी कतार गाठले, तेव्हा आपली थार गाडी मुंबईतून जहाजाने ओमानला पाठवली आणि पुढे स्वतः चालवली. गाडीतच छोटे स्वयंपाकघर होते. म्हणजे होते, पण सोपे नाही. गाडी परदेशात तात्पुरती न्यायला ‘कार्ने’ नावाचे पुस्तक लागते. हरेक देशात शिरताना आणि निघताना त्याच्या पानावर शिक्का बसतो, म्हणजे गाडी तिथे विकली नाही याचा पुरावा राहतो. मुंबईत १९१९ पासून चालत आलेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे पुस्तक देते, पण गाडीच्या किमतीनुसार हमी ठेवावी लागते. त्यावर जहाजाचे भाडे, बंदरातले दिवस, आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी तिथल्या उजवीकडून चालणाऱ्या रहदारीत. पंधरा दिवसांच्या सुट्टीत हे बसत नाही. भाड्याची गाडी हाच मार्ग. मात्र ती सौदीत नेण्याची लेखी परवानगी गाडीच्या मालकाकडून आधी हातात घ्या. ती नसेल तर सीमेवरून परतावे लागेल. विमा सौदीतही चालतो का, तेही लिहून घ्या.

आपल्या आजी-आजोबांनी हा प्रवास याहून लांब केला आहे. मुंबई ते जिद्दा साधारण २,३०० सागरी मैल, आणि जुन्या जहाजांना बारा-पंधरा दिवस लागत. कोकणातून यायचे, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करायचा, मग बोट. १९९५ नंतर ही जहाजे बंद झाली. सासूबाईंना विचारा, त्यांच्या आई-वडिलांच्या पिढीतले कोणी ना कोणी असे गेलेले असेलच. मुलांनी त्यांच्याकडून ते ऐकून निघावे.

आता अंतर. दुबईहून घुवैफातच्या सीमेवर जायचे, पलीकडे सौदीचे बत्हा, मग रियाध, ताइफ आणि मक्का. साधारण दोन हजार किलोमीटर. मक्केहून मदिना साडेचारशे, आणि मदिनेहून रियाधमार्गे परत दुबई जवळजवळ आणखी दोन हजार. मोठी गाडी लहान मोटारीच्या वेगाने हाकता येत नाही. मुले आणि वृद्ध बरोबर असताना दिवसाला पाचशे किलोमीटर पुष्कळ झाले. म्हणजे पंधरापैकी आठ-नऊ दिवस नुसत्या चाकांवर जातील. हरमैनसाठी उरले सहा. आम्ही म्हणू, मदिनेहून विमानाने परता आणि गाडी दिरांनी परत न्यावी. किंवा बेत तीन आठवड्यांचा करा.

आणखी एक कारण आहे. पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि पुरुष मंडळी बेत आखतात तेव्हा ते कधीच विचारात घेतले जात नाही. ऐन मक्केत पोहोचताना पाळी आली तर? शरीअतचा हुकूम स्पष्ट आहे : मीकातवर एहरामची नियत करायची, दुआ-जिक्र चालू ठेवायचे, फक्त तवाफ पाक झाल्यावर करायचा. हज्जतुल विदाच्या प्रवासात हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर हीच वेळ आली होती आणि प्रेषितांनी (स.) त्यांना धीर देऊन हेच सांगितले. पण त्यासाठी मक्केत थांबायला दिवस हवेत. गाडी अमुक तारखेला परत द्यायची आहे म्हणून बाईने रडत परतायचे, अशी वेळ येऊ देऊ नका. बेतात चार-पाच दिवस मोकळे ठेवा, आणि नवऱ्याने हा विषय स्वतः काढावा. बायकोला सासूसमोर आणि दिरांसमोर बोलावे लागू नये.

मे महिना तर सोडाच. २०२५ चा हज जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला, आणि चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. हजच्या आधीचे काही आठवडे परवान्याशिवाय मक्केत प्रवेश मिळत नाही. दुसरे म्हणजे रियाधच्या आसपास मेमध्ये पारा चाळिशीला पोहोचतो. उभ्या गाडीची वातानुकूलन यंत्रणा बाहेरची वीज जोडल्याशिवाय रात्रभर चालत नाही. पत्र्याच्या डब्यात सहा माणसे कशी झोपणार? दिवाळीच्या सुट्टीत जा. हवा बरी असते. व्हिसाचे नियम मात्र तेव्हाचे तेव्हा तपासा, ते बदलत राहतात.

पाण्याचा हिशेब पाहा. अशा गाडीत टाकी साधारण शंभर लिटरची असते. सहा माणसे, पाच वेळा वुजू, म्हणजे दिवसाला तीस वुजू. नळ सोडून एकेकाने तीन लिटर जरी वापरले तरी नव्वद लिटर गेले. चहाला पाणी उरणार नाही. प्रेषित (स.) एका ‘मुद्द’ पाण्यात वुजू करत, म्हणजे पाऊण ते एक लिटर. त्या मापाने तीस वुजूंना तीस लिटरही लागत नाहीत. आपल्याला ही हदीस पाठ असते आणि बेसिनचा नळ वाहत असतो. तलावाच्या काठी राहून टँकरची वाट पाहणाऱ्या पवईकरांना याहून जास्त सांगायला नको. लिटरची एक बाटली प्रत्येकाच्या नावाची ठेवा. धाकट्याला तर हा खेळच वाटेल.

स्वयंपाकघराबद्दल आम्हाला खरी काळजी आहे. पत्रात एक वाक्य आहे : ‘गाडीतच किचन असल्याने बाहेरच्या खाण्याचा खर्च वाचेल.’ वाचेल, पण कोणाच्या जिवावर? हॉटेलात उतरलेल्या बाईला निदान पंधरा दिवस चूल नसते. इथे चूल तिच्या मागोमाग वाळवंटात येते. दोन बर्नर, हातभर ओटा, धुतलेली भांडी ठेवायला जागा नाही, आणि सहा माणसे ‘नाश्ता झाला का’ म्हणून विचारणारी. पवईतल्या घरी निदान कामाला मावशी येतात. वाटेत नवरा थकलेला, कारण त्याने गाडी चालवली. मुले थकलेली, कारण ती मुले आहेत. मग सुट्टी कोणाची झाली?

हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले की प्रेषित (स.) घरात काय करत, त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की निघत. बुखारीत ही रिवायत आहे. जुम्याच्या बयानात ती आपण ऐकतो, माना डोलावतो. गाडीत ती अमलात आणायला जागा अगदी सोयीची आहे, कारण तिथे कोणी दुसऱ्या खोलीत जाऊन बसू शकत नाही. आमचे म्हणणे असे : दिवसातून एकच जेवण गाडीत शिजवा. सौदीच्या महामार्गांवर पेट्रोल पंपाशेजारी खाण्याची दुकाने असतात, हलालची शंका नाही, एक मोठा खबसा सहा जणांत आरामात होतो. भांडी थोरल्या मुलाची. आणि शौचालयाची टाकी ठरलेल्या जागी हाताने रिकामी करावी लागते, ते काम नवऱ्याचे. निघण्याआधी हे कागदावर लिहा, सासूबाईंच्या देखत. त्यांनी ‘माझा लेक हे करणार?’ म्हटले, तर वरची रिवायत त्यांनाही वाचून दाखवा.

तिघे प्रवासाला निघाले तर त्यांनी एकाला अमीर करावे, असे हदीसमध्ये आहे. गाडी चालवणारा तोच अमीर, असे आपण गृहीत धरतो. आमचा सल्ला उलट आहे. चालवणाऱ्याला थकवा कळत नाही, तो ‘अजून शंभर किलोमीटर’ म्हणत राहतो. थांबायचे कधी, हे सासूबाईंनी ठरवावे. त्यांचे गुडघे सगळ्यांपेक्षा आधी सांगतील. रात्री तर चालवूच नका. रस्त्यावर आलेला उंट दिवे पडेपर्यंत दिसत नाही. आणि गाडी धावत असताना मुलांना बिछान्यावर लोळू द्यायचे नाही, पट्टा बांधून आसनावरच बसवायचे.

चालवण्यावरून आठवले. ही भगिनी स्वतः रोज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाडी चालवते, असे तिनेच लिहिले आहे. सौदीत २४ जून २०१८ पासून स्त्रियांना वाहन चालवण्याची मुभा आहे. मग आंतरराष्ट्रीय परवाना एकट्या नवऱ्याचाच का? आरटीओतून दोघांनी काढावा, वर्षभर चालतो. आलटून-पालटून चालवले तर दोघांचीही झोप होईल, आणि ती चालवत असताना चहा तिला करता येणार नाही, हाही फायदाच.

नमाजबद्दल घरात वाद नको म्हणून दोन्ही मसलकांचे थोडक्यात. जुहर, अस्र आणि इशाचे फर्ज चारऐवजी दोन. फजर आणि मगरिब पूर्ण. हनफींकडे कस्र वाजिब आहे, शाफईंकडे मुभा. शाफई सासूबाई जुहर-अस्र एकत्र पढू शकतात, मगरिब-इशाही. हनफी सुनेने जुहर शेवटच्या वेळेला आणि अस्र सुरुवातीलाच पढली, तर थांबा दोघींचा एकच होतो. मुक्काम चार दिवस किंवा जास्त करायचा ठरला तर शाफईंची कस्र संपते, हनफींची पंधरा दिवसांवर. म्हणजे मक्केत एकाच कुटुंबात सासूबाई चार रकात पढतील आणि सून एकटी पढली तर दोन. मुलांना ते आधीच समजावून सांगा. फर्ज नमाज गाडी थांबवून, खाली उतरून. पंपांवर मशिदी असतात, स्त्रियांचीही सोय असते. काहींची स्वच्छता बेताचीच, म्हणून स्वतःची जानमाज आणि चपला ठेवा.

रियाधकडून येणाऱ्यांची मीकात करनुल मनाझिल, म्हणजे ताइफपुढचे अस-सैल अल-कबीर, मक्केपासून पाऊणशे किलोमीटरवर. तिथे मोठी मशीद आणि न्हाणीघरे आहेत. हदाचा घाट देखणा आहे, पण वळणांचा. एवढ्या गाडीला सैलचीच वाट बरी. एहरामनंतर सुगंधी साबण आणि ओले रुमाल चालत नाहीत, हे गाडीतल्या बेसिनजवळ चिठ्ठी लावून ठेवा. हरमजवळ ही गाडी उभी करण्याचा विचारही नको. शहराबाहेर ठेवा आणि मक्केतल्या रात्री हॉटेलात काढा.

खर्चाबद्दल पत्रात आकडा नाही. शाफईंकडे ऐपत असणाऱ्यावर आयुष्यात एकदा उमरा फर्ज आहे, हनफींकडे सुन्नत. ऐपत नसताना कोणावरच नाही. व्याजाचे कर्ज काढून हौस करायची असेल, तर विमानाचा साधा उमरा त्याहून कितीतरी बरा.

शेवटी एक रंगीत तालीम सुचवतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण आणले, आणि अशा गाड्या आपल्याकडेही भाड्याने मिळू लागल्या आहेत. पावसाळ्याआधी एक घ्या आणि पवईहून श्रीवर्धनला दोन रात्री जाऊन या. कस्रचा सराव तिथेही होईल. पाणी किती लागले, सासूबाईंना पायरी चढता आली का, फजरला उठल्यावर चहा कोणी ठेवला, टाकी खरोखर कोणी रिकामी केली, हे वहीत लिहा. दुबईची तिकिटे ती वही वाचल्यावर काढा.