उडत्या रणगाड्याची कीर्ती

सोव्हिएत रशियाच्या इल्यूशिन-2 या विमानाला 'उडता रणगाडा' ही जी पदवी चिकटली, तिने त्याचा गौरव झाला त्याहून त्याच्याविषयी भ्रमच अधिक पसरला, असे आमचे मत आहे.

त्याच्या तोफांनी जर्मन रणगाड्यांची चाळण केली, हा पहिला भ्रम. 20 किंवा 23 मिलिमीटरच्या तोफेचा गोळा मध्यम रणगाड्याचे कवच क्वचितच भेदी. शिवाय जमिनीलगत वेगाने येणाऱ्या वैमानिकाला नेम धरण्यास अवधी मिळे तो चार-दोन क्षणांचा! परंतु एवढ्यावरून विमानच निरुपयोगी ठरविणारे टीकाकार दुसऱ्या टोकाला जातात. तोफखान्याची ठाणी, रसदीच्या मोटारी आणि उघड्यावरील पायदळ हे त्याचे खरे भक्ष्य होते. आणि रसद तुटलेला रणगाडा अखेर जागीच खिळतो, हे या पंडितांस कोणी सांगावे? पुढे जुलै 1943 मध्ये कुर्स्कच्या रणभूमीवर सुमारे दीड किलो वजनाचे कवचभेदी बाँब शेकड्यांनी ओतण्याची तजवीज झाली, तेव्हा रणगाड्याच्या पातळ माथ्याचा मार्ग सापडला आणि अचूक नेमाची अडचणही बरीचशी सरली.

दुसरा भ्रम अभेद्यतेचा. विमानाचा रचनाकार इल्यूशिन याची प्रतिभा निःसंशय थोर: इतर विमानांच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे वरून जडवीत, तर येथे इंजिन आणि वैमानिक यांना वेढणारे पोलाद हेच पुढील भागाचा सांगाडा होते. बंदुकीच्या गोळ्या त्याने खुशाल झेलल्या. पण 1939 च्या मूळ नमुन्यात असलेली मागील गोलंदाजाची जागा वरिष्ठांच्या आग्रहाने रद्द झाली, आणि 1941 मध्ये जर्मन लढाऊ विमानांनी पाठीमागून येऊन या एकाकी वैमानिकांचा संहार मांडला. त्याच वर्षी डिसेंबरात, लाल सेनेला या विमानांची गरज हवा-भाकरीसारखी आहे, अशी तंबी देणारी स्टालिनची तार कारखान्यांवर येऊन थडकली; छत्तीस हजारांवर विमाने निघाली त्यामागे या फर्मानाचा धाक होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु धाकाने संख्या वाढते, रचनेतील उणीव भरत नाही. 1942 मध्ये गोलंदाज परतला, तो पोलादी वेढ्याबाहेर, कापडी पट्ट्यावर बसून 12.7 मिलिमीटरची मशीनगन चालविण्यासाठी! वैमानिक आणि गोलंदाज या दोघांनाही एकाच कवचात घेणारे इल्यूशिन-10 रणांगणावर उतरले, ते 1945 उजाडल्यावर.