धर्म बदलला म्हणून पाणी तोडावें काय?

एखाद्या घरानें ख्रिस्ती धर्म घेतला कीं गांवांत काय होतें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. प्रथम पारावर कुजबूज, मग विहिरीवर अडवणूक. पुढें न्हावी दाढी करीत नाहीं, वाणी उधार देत नाहीं, मजुरीस कोणी बोलावीत नाहीं. आणि घरांत कोणी मेलें तर पुरावयास जागा मिळत नाहीं. प्रस्तुत लेखकानें हा प्रकार शाळेंत पाहिला आहे. ख्रिस्ती झालेल्या एका मजुराच्या मुलीनें माठाला हात लावला, म्हणून दुसऱ्या पोरांनीं माठ ओतून दिला. पोर सात वर्षांची. ती दिवसभर पाण्यावांचून बसली. आपल्या बापानें कोणता धर्म सोडला व कोणता घेतला, हें तिला तरी ठाऊक होतें काय? आणि त्या दिवशीं मास्तरहि गप्प बसला, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

शेतकरी व कारागीर बांधवहो, हें बहिष्काराचें हत्यार आपल्यावर किती वेळां चाललें, तें आठवा. मुलींस व अतिशूद्रांस शिकविलें म्हणून 1849 सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांस घर सोडावें लागलें. समाजाच्या धाकापुढें खुद्द बापाचा इलाज चालला नाहीं. ज्या हत्याराचे वळ आपल्या पाठीवर आहेत, तेंच आपण दुबळ्या शेजाऱ्यावर उगारावें काय?

जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहींत. परंतु 1883 सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या व इकडे त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, तेव्हां 1885 सालीं ‘सत्सार’ काढून जोतीरावांनीं त्यांची बाजू घेतली. त्यांच्या पश्चात् 1891 सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां’त तर, एकाच घरांतील माणसांनीं आपापल्या मनास पटेल तो निरनिराळा धर्म खुशाल घ्यावा व तरीहि एकमेकांशीं गोडीगुलाबीनें नांदावें, असें त्यांनीं सांगितलें. एका घरांत जें शोभतें, तें एका गांवांत कां शोभूं नये?

ख्रिस्ती झाला तो परका झाला, असें म्हणणारांनीं बाबा पदमनजींकडे पाहावें. जातीनें कासार, 1854 सालीं ख्रिस्ती झाले, आणि तीनच वर्षांनीं विधवांचें दुःख सांगणारें ‘यमुनापर्यटन’ त्यांनीं मराठींतच लिहिलें. रेव्हरंड टिळकांनीं 1895 सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां नवराबायकोची ताटातूट झाली. त्याच लक्ष्मीबाईंचें ‘स्मृतिचित्रें’ आज मराठी माणूस आवडीनें वाचतो.

कोणी म्हणतील, हे लोक धान्याच्या व पैशाच्या लोभानें बाटतात. 1876 पासूनच्या मोठ्या दुष्काळानंतर नगरकडील पुष्कळ महार-मांग ख्रिस्ती झाले, हें खरें. पण अन्नासाठीं धर्म सोडण्याची पाळी ज्याच्यावर आली, तो आपल्याच गांवांत उपाशी कां होता? हा प्रश्न आधीं स्वतःस विचारावा. कोणी खरोखर फसवणूक केली असेल, तर सरकारदरबारीं फिर्याद करावी. बायकापोरांचें पाणी तोडणें हा न्याय नव्हे.

कोणी गोव्याकडे बोट दाखवितील. तेंहि खरें. तेथें 1560 पासून 1812 पर्यंत, मधलीं कांहीं वर्षें वगळतां, इन्क्विझिशन चाललें व धर्माच्या नांवाखालीं माणसांचा छळ झाला. त्यावरून घ्यावयाचा धडा हा कीं, सत्तेच्या व संख्येच्या जोरावर दुसऱ्याचें मन वळवूं पाहणें हें पाप आहे. तें पाप तेथें पाद्र्यांनीं केलें म्हणून येथें पाटलानें करावें, असें होत नाहीं. ख्रिस्ती बांधवांसहि आमचें सांगणें आहे: शेजाऱ्याच्या देवाची निंदा करूं नका, आणि देवळांतली जात चर्चमध्यें नेऊन बसवूं नका.

आतां कायदा पाहूं. धर्म बदलल्यानें वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क जाऊं नये, असा कायदा 1850 सालींच झाला. राज्यघटनेच्या 25 व्या कलमानें प्रत्येकास आपला धर्म पाळण्याचें स्वातंत्र्य दिलें. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानें 2016 सालीं केलेल्या कायद्यांत तीन वर्षेंपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. उलट, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळें महार-मांग ख्रिस्ती झाला कीं अनुसूचित जातीच्या सवलती जातात. पण विहिरीवरची त्याची जात गांव कांहीं विसरत नाहीं. असा तो दोन्हीकडून नागवला जातो.

परंतु बंधुहो, कायदा तालुक्याच्या गांवीं असतो. विहीर आपल्या दारांत असते. शेजारचें घर कोणाची प्रार्थना करतें, हें त्याचें तें पाहील. त्याचा पोहरा विहिरींत पडूं द्यावा, त्याला मजुरीस बोलवावें, त्याच्या मयतास खांदा द्यावा. आणि शाळेंतला माठ कोणी ओतूं लागला, तर मास्तरानें स्वतः उठून तो पुन्हा भरावा, व पहिला पेला त्या पोरीच्या हातीं द्यावा.